अखंड लाकूड की थरांचे लाकूड? बंदुकीचा दस्ता, येलहंका येथील विमाने आणि एक अहवाल

रायफलचा दस्ता अखंड लाकडातून कोरलेला असावा, की पातळ थर चिकटवून केलेल्या म्हणजे लॅमिनेट लाकडाचा असावा, हा प्रश्न वरवर पाहता शस्त्रशाळेतल्या सुताराचा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यात का पडावे? कारण विसाव्या शतकात कारखान्यांनी, सैन्यांनी आणि सरकारांनी हा प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवला, आणि बहुतेक वेळा उत्तर ठरले ते कोणते लाकूड जास्त टिकते यावरून नाही. लाकूड वाळवायला किती वर्षे हाताशी आहेत, कोणत्या झाडाचा साठा संपला आहे आणि कोणता सरस मिळतो आहे, यांवरून ते ठरले. टिकाऊपणाचा निवाडा नंतर झाला, आणि तोही अनेकदा चुकीच्या माणसांनी केला. या निवाड्याचे सर्वांत गंभीर उदाहरण बंदुकीचे नसून लाकडी विमानाचे आहे. त्याचा एक धागा बंगळुरूजवळच्या येलहंका विमानतळाला जोडलेला आहे. म्हणून या टिपणात आपण दस्त्यापासून सुरुवात करून विमानापर्यंत जाणार आहोत. लाकूड तेच, सरसाचा प्रश्न तोच, फक्त चुकीची किंमत फार मोठी.

लाकूड हलते

दस्त्याचे काम दिसते त्यापेक्षा अवघड असते. नळी आणि गोळी झाडणारी यंत्रणा ज्या खोबणीत बसते ती खोबण दस्त्यातच कोरलेली असते. गोळी सुटली की मागे येणारा धक्का या खोबणीतल्या लाकडाच्या एका लहानशा आडव्या भागावर आदळतो आणि तिथून सैनिकाच्या खांद्यावर जातो. हीच गोष्ट हजारो वेळा घडते. शिवाय सैनिक बंदूक जमिनीवर आपटतो, चिखलात टाकतो, दिवसभर उन्हात ठेवतो आणि रात्री दवात. या सगळ्यात खोबणीचा आकार केसभर जरी बदलला, तरी नळीवर एका बाजूने दाब येतो आणि नेम सरकतो.

लाकडाचा आकार बदलतोच. पावसाळ्यात घराचे दार फुगून चौकटीत अडकते आणि दिवाळीनंतर पुन्हा सहज लागू लागते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते. मात्र सर्व दिशांनी ते सारखे आकसत किंवा फुगत नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने बदल जवळजवळ नसतोच. आडव्या दिशेने तो बराच असतो, आणि त्यातही वर्षवलयांच्या कडेने होणारे आकसणे हे गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या साधारण दुप्पट भरते. फळीला बाक येतो किंवा पीळ पडतो तो या असमानतेमुळे. म्हणून चांगल्या दस्त्याचे लाकूड निवडताना कारागीर आधी रेषा पाहतो. मुठीने धरायची जी बारीक मान असते, तिथे रेषा मानेच्या दिशेने धावली पाहिजे. ती आडवी गेली तर एक दिवस दस्ता नेमका तिथेच मोडतो.

थर चिकटवून केलेल्या लाकडामागचा विचार साधा आहे. ओंडक्याचे पातळ पापुद्रे सोलले, वाळवले, सरस लावून एकमेकांवर ठेवले आणि उष्णता देऊन दाबले, की प्रत्येक थराची हालचाल शेजारचा थर अडवतो. एखादी गाठ असली तर ती एका थरापुरती राहते, आरपार जात नाही. चीर पडली तरी सरसाच्या रेषेशी अडखळते. प्लायवूडमध्ये एकाआड एक थर काटकोनात ठेवतात, कारण तिथे सपाट तक्ता हवा असतो. दस्त्याला लांबीच्या दिशेने बळ हवे, म्हणून त्यात थरांची रेषा साधारण एकाच दिशेने ठेवली जाते. हा फरक अनेक पुस्तकांत निसटतो आणि दस्ता प्लायवूडचा होता असे सरसकट लिहिले जाते.

याची किंमतही मोजावी लागते. सरसामुळे आणि दाबामुळे असा दस्ता त्याच मापाच्या अक्रोडाच्या दस्त्यापेक्षा जड होतो. दुरुस्ती कठीण जाते. अखंड लाकडाचा टवका गेला तर त्याच जातीचा तुकडा बसवून, घासून, अळशीचे तेल चोळून काम भागते. क्रिकेटच्या बॅटला तेल पाजणाऱ्याला हे सांगायला नको. थर सुटू लागलेल्या दस्त्याला मात्र पुन्हा दाबयंत्राशिवाय धड जोडता येत नाही.

इथे 'टिकाऊ' या शब्दाकडे जरा संशयाने पाहावे. आघात सोसणे, ओल सोसणे, वर्षानुवर्षे आकार न बदलणे आणि मोडल्यावर दुरुस्त करता येणे, हे चार वेगळे गुण आहेत. पहिल्यात आणि चौथ्यात चांगले अक्रोडाचे लाकूड मार खात नाही. तिसऱ्यात थरांचे लाकूड उघड पुढे आहे. दुसऱ्याचे उत्तर लाकडाकडे नाहीच, ते सरसाकडे आहे. पुढची सगळी हकीकत या दुसऱ्या गुणाभोवती फिरते.

अक्रोड संपल्यावर

युरोपात बंदुकीच्या दस्त्यासाठी अक्रोड ही पहिली पसंती होती. ते फार जड नाही, धक्का सोसते, कोरायला मऊसूत असते आणि वाळल्यावर फारसे हलत नाही. अडचण वाळवण्याची. जाड फळी मोकळ्या हवेत मुरवायची तर दर इंच जाडीला सुमारे एक वर्ष असा सुतारांचा जुना ठोकताळा आहे. शांततेच्या काळात कारखाना काही वर्षांचा साठा गोदामात ठेवू शकतो. युद्ध सुरू झाले की महिन्याला हजारो रायफली हव्या असतात आणि तो साठा बघता बघता संपतो.

पहिल्या महायुद्धाच्या उत्तरार्धात जर्मनीने अक्रोडाऐवजी बीचचे लाकूड वापरायला सुरुवात केली ती याच ओढग्रस्तीतून. बीच बळकट असते, पण ओल घेते आणि फुगते. दोन युद्धांच्या मधल्या काळात तिथे थरांच्या दस्त्यावर प्रयोग झाले, आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्या माउझर कारबाइनला बीचच्या पातळ थरांचे, फिनॉलच्या रेझिनने जोडलेले दस्ते मोठ्या प्रमाणावर बसू लागले. पापुद्रे यंत्रात काही मिनिटांत वाळतात. ज्याला वर्षे लागत होती ते काम दिवसांवर आले. दस्ता जड झाला हे सैनिकाने सोसले. तो अक्रोडाइतका सुंदर नव्हता, पण पीळ पडत नव्हता, आणि मुख्य म्हणजे तो वेळेवर तयार होत होता.

सोव्हिएत कारखान्यांनी पुढे हीच वाट धरली. १९५९ च्या एकेएम रायफलला बर्चच्या थरांचा दस्ता होता. आपल्याकडे ज्याच्या सालीवर ग्रंथ लिहिले गेले तो भूर्जवृक्ष याच बर्चच्या कुळातला. ऑस्ट्रेलियात लिथगो येथील कारखान्याने निराळा मार्ग काढला. त्यांनी क्वीन्सलँड मेपल आणि नंतर कोचवूड ही स्थानिक झाडे वापरली. कोचवूड मऊ निघाले, तेव्हा धक्का झेलणाऱ्या जागी तांब्याच्या छोट्या पट्ट्या बसवल्या. अमेरिकेने व्हिएतनामच्या दमट जंगलात एम-१४ चे अक्रोडी दस्ते फुगताना पाहिले आणि काचतंतूच्या दस्त्याकडे वळली.

भारतातले उदाहरण इशापूरचे. हुगळीकाठच्या या रायफल कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ली-एनफील्ड रायफली बनत होत्या. या रायफलचा आराखडा लाकडाच्या दृष्टीने हुशारीचा आहे. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो, नळीखालचा पुढचा भाग वेगळा आणि खांद्याला लागणारा मागचा भाग वेगळा. मागचा भाग एका लांब बोल्टने धातूच्या खोबणीत आवळलेला असतो. माउझरच्या एकसंध दस्त्याला जेवढी लांब, निर्दोष फळी लागते तेवढी इथे लागत नाही. मागचा भाग मोडला तर तेवढाच बदलता येतो, आणि सैनिकाच्या उंचीप्रमाणे कमीजास्त लांबीचाही बसवता येतो. टिकाऊपणाचा प्रश्न इथे लाकूड न बदलता जोड बदलून सोडवला होता.

तरीही पुढचा भाग चिरत असे. इशापूरने त्यावर काढलेला उपाय अजूनही त्या रायफलींची ओळख मानला जातो. दस्त्याच्या पुढच्या तुकड्यातून आडवा स्क्रू घातलेला असतो, चीर पसरू नये म्हणून. ज्या रायफलींवरून हातबॉम्ब फेकायचे त्यांच्या पुढच्या लाकडाला तार गुंडाळून पक्के बांधत, बैलगाडीच्या फुटू लागलेल्या दांडीला आपण बांधू तसेच. १९६० च्या दशकात ७.६२ मिलिमीटर गोळीसाठी याच घराण्याची शेवटची रायफल इशापूरमध्ये निघाली, तिचाही दस्ता लाकडीच होता. पुढे इन्सास रायफलबरोबर प्लॅस्टिक आले.

सागाचे काय, असा प्रश्न महाराष्ट्रातला विद्यार्थी हमखास विचारतो. साग हलत नाही, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण आघात सोसण्यात तो अक्रोडाच्या मागे पडतो, आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे सरस नीट धरत नाही. म्हणजे अखंड दस्त्यासाठी तो दुसऱ्या पसंतीचा आणि थरांसाठी त्याहून अवघड.

सरसाची जुनी दुखणी

थर चिकटवण्याची विद्या अर्थातच जर्मनांनी शोधलेली नाही. मध्य आशियातून आलेले आणि मुघल काळात हिंदुस्थानात रूढ असलेले धनुष्य हे लॅमिनेटच आहे. मध्ये लाकूड, पोटाकडे शिंग, पाठीकडे जनावरांच्या स्नायूंचे तंतू, आणि सगळे जोडणारा कातड्याचा किंवा माशाचा सरस. विष्णूच्या धनुष्याचे 'शार्ङ्ग' हे नावही शृंग म्हणजे शिंग या शब्दावरूनच आले आहे. या धनुष्याची ताकद मोठी, पण दमट हवेत सरस ढिला पडतो. हिंदुस्थानात पोलादी धनुष्ये बनली त्यामागे हेच कारण सांगितले जाते. ती मारा करण्यात कमी पडत, पण शस्त्रागारात पावसाळेच्या पावसाळे पडून राहिली तरी बिघडत नसत. ओल आणि सरस यांचे वैर या देशाला ठाऊक होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विमाने आली ती लाकडाची आणि कापडाची. राइट बंधूंचा पंखाही थर चिकटवून कोरलेला होता. त्या काळात विमानासाठी केसीनचा सरस लोकप्रिय झाला. केसीन म्हणजे दुधातले प्रथिन, ज्यापासून पनीर होते. तो थंड असतानाच लावता येतो, पकड चांगली धरतो, पण सततच्या ओलीत कमजोर होतो आणि त्याला बुरशी लागते. १९३० च्या दशकात युरिया आणि फिनॉलपासून केलेली कृत्रिम रेझिने बाजारात आली. त्यांतले फिनॉलचे रेझिन पाण्याला जवळजवळ दाद देत नाही.

येलहंका, १९४४

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा बंगळुरू हे विमानांचे शहर नव्हते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी इथे उभी केली. कोल्हापूर जिल्ह्यातले आणि जर्मनीत ग्योटिंगन येथे प्रांट्ल यांच्याकडे शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे तिथे आले. डिसेंबर १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. १९४३ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या विमानांच्या दुरुस्तीत गुंतला. शहराच्या उत्तरेला येलहंका येथे ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. आज एअरो इंडिया प्रदर्शनामुळे देशभर परिचित झालेला तो हाच तळ.

फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाची ४५ क्रमांकाची तुकडी आपली व्हेंजन्स ही धातूची विमाने सोडून नव्या विमानावर हात बसवण्यासाठी येलहंका येथे आली. हे नवे विमान होते डी हॅविलंड कंपनीचे मॉस्किटो. त्याचे पहिले उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० रोजी झाले होते. धातूची टंचाई आणि रिकामे बसलेले फर्निचरचे कारखाने, या दोन्ही गोष्टी हेरून कंपनीने हे विमान लाकडाचे केले. धड दोन अर्ध्या भागांत घडवायचे, शेंगेच्या दोन फाकांसारखे. बाहेर आणि आत बर्चचे प्लायवूड, मध्ये हलकेफुलके बाल्सा. दोन्ही फाका साच्यावर दाबून तयार झाल्या की आतली जोडणी करून एकमेकींना चिकटवायच्या. पंख एकसंध, त्यावर प्लायवूडची दुहेरी त्वचा. दोन शक्तिशाली इंजिने आणि दोन माणसे. वेग असा की सुरुवातीच्या बॉम्बफेकी प्रकारात बचावाच्या बंदुका ठेवण्याची गरजच मानली गेली नाही.

रायफलचा दस्ता आणि हे विमान यांच्यातले नाते इथे स्पष्ट होते. दोन्हीकडे लाकूड पातळ करून ते सरसाने पुन्हा जाड केले होते. दस्त्यात थर सुटला तर नेम चुकतो. विमानाच्या पंखावरची त्वचा कण्यापासून सुटली तर दोघेही माणसे जातात.

बंगळुरूचे पठार नऊशे मीटर उंचीवर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा कोरडी असते. तिथून ही विमाने पूर्वेकडे गेली, आणि सप्टेंबरपर्यंत ४५ क्रमांकाची तुकडी आसामात सिल्चरजवळच्या कुंभीरग्राम तळावर पोचली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचे मॉस्किटो उघड्या धावपट्ट्यांवर उभे राहत. दिवसा ऊन, मग मुसळधार पाऊस, मग पुन्हा ऊन. १९४४ च्या शरद ऋतूत काही विमाने हवेतच मोडून पडली. पंखाच्या वरच्या त्वचेचा कण्याशी असलेला जोड उकलल्याचा संशय आला. नोव्हेंबरमध्ये या भागातल्या मॉस्किटोंची उड्डाणे थांबवून तपासणी सुरू झाली. येलहंका येथे ८४ क्रमांकाची दुसरी एक तुकडी मॉस्किटोची वाट पाहत होती, तिला पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागले.

अहवाल कोणी लिहिला

कारण शोधण्यासाठी इंग्लंडहून पथक आले. त्याचे प्रमुख होते मेजर हेरवर्ड डी हॅविलंड. आडनाव वाचूनच विद्यार्थ्यांनी थांबावे. ते कंपनीचे संस्थापक जेफ्री डी हॅविलंड यांचे भाऊ आणि कंपनीचेच माणूस. डिसेंबर १९४४ च्या सुरुवातीला त्यांचा अहवाल आला. सरस खराब झाल्यामुळे अपघात झाले नाहीत, पावसाळी हवेमुळे लाकडी सांगाडा आकसला आणि त्यातून हे घडले, असा त्याचा निष्कर्ष होता. थोडक्यात, दोष हवामानाचा.

हा निष्कर्ष पहिल्या वाचनात पटतो. लाकूड हलते, हे आपण वर पाहिलेच. हिंदुस्थानचा पावसाळा इंग्लंडच्या सुताराने पाहिलेला नव्हता. शिवाय वसाहतींच्या काळातल्या इंग्रजी लिखाणाला 'इथले हवामान' हे उत्तर इतके सवयीचे होते की आजार, आळस, यंत्रांची मोडतोड आणि हिशेबातली तूट, सगळे त्यात बसवता येत असे.

नंतर आणखी तपास झाले. एकाने अपघातांचे कारण सरळ सदोष बांधणीत दाखवले. विमान उत्पादन मंत्रालयाच्या पथकाने इंग्लंडमध्ये डेफर्ड येथे मॉस्किटोच्या निरनिराळ्या सहा प्रकारांची विमाने उघडून पाहिली. ही सगळी हॅटफील्ड आणि लीव्ह्सडेन या दोन कारखान्यांतली होती. त्यांतही तशाच प्रकारचे दोष निघाले: जिथे सरसाने दोन लाकडे गच्च धरायला हवी होती तिथे चिकटवणे समाधानकारक झालेले नव्हते. या विमानांनी पावसाळा पाहिला नव्हता. वाळवीही पाहिली नव्हती.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात निर्णायक पुरावा हाच आहे, आणि तो इतका साधा आहे की आधी कोणाला का सुचला नाही याचेच नवल वाटते. हवामान दोषी आहे की नाही हे ठरवायचे असेल, तर ते हवामान न सोसलेली विमाने उघडावी लागतात. कुंभीरग्रामच्या धावपट्टीवर उभे राहून पावसाकडे बोट दाखवणे ही तपासणी होत नाही. तुलनेचा दुसरा गट हजारो मैल दूर, कोरड्या हँगरमध्ये होता.

म्हणजे पावसाळ्याचा काहीच वाटा नव्हता का? होता. ज्या जोडात पोकळी राहिली आहे तिथे ओल शिरणार, लाकूड फुगणार आणि आकसणार, आणि कमजोर चिकटलेला जोड त्या हालचालीला आधी बळी पडणार. इंग्लंडच्या सौम्य हवेत तोच जोड कदाचित युद्ध संपेपर्यंत टिकला असता. पावसाने दोष उघडा पाडला, दोष आधीचा होता. नीट दाबून चिकटवलेली मॉस्किटो विमाने याच आकाशात युद्ध संपेपर्यंत उडत राहिली, ही गोष्ट 'हवामान' या उत्तरात बसत नाही.

तरीही हवाई मंत्रालयाने पहिल्याच अहवालाचा आधार कायम ठेवला. वैमानिकांचा विमानावरचा विश्वास उडू नये हे त्यामागचे कारण. युद्ध चालू असताना असा निर्णय घेणाऱ्यांची अडचण समजण्यासारखी आहे, पण त्या विमानात बसणाऱ्या दोन माणसांना खरे कारण कळण्याचा हक्क नव्हता, हे मान्य करणे कठीण जाते. उपाय मात्र केले गेले, आणि उपायांकडे पाहिले तर काय मानले गेले होते ते कळते. पंखाच्या त्वचेच्या जोडावर संपूर्ण लांबीभर प्लायवूडची पट्टी बसवली, पाणी आत झिरपू नये म्हणून. नंतरच्या विमानांना गडद रंगाऐवजी चंदेरी रंग दिला, ऊन परावर्तित व्हावे म्हणून. कागदावर सरसाला निर्दोष ठरवणारी यंत्रणा प्रत्यक्षात सरसाच्या रेषा झाकत होती.

विद्यार्थ्यांसाठी इथे एक सवय सुचवावीशी वाटते. एखाद्या तांत्रिक अहवालातला निष्कर्ष वाचण्याआधी त्याखालची सही वाचावी, आणि निष्कर्षानंतर दुरुस्तीचे आदेश वाचावेत. निष्कर्षात संस्था स्वतःबद्दल काय म्हणते ते कळते. दुरुस्तीच्या आदेशात तिला काय ठाऊक होते ते कळते.

पुन्हा दस्त्याकडे

आता मूळ प्रश्न पुन्हा विचारता येतो. जर्मन माउझरचे थरांचे दस्ते ऐंशी वर्षांनंतरही संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे सुस्थितीत आढळतात, आणि त्यावरून लॅमिनेट जास्त टिकते असा निष्कर्ष काढला जातो. तो थोडा घाईचा आहे. आपल्यासमोर आहेत ते उरलेले दस्ते. जे फुटले, जळले किंवा सरपणात गेले ते संग्रहालयात नाहीत, अक्रोडाचेही नाहीत आणि बीचचेही नाहीत. एवढे मात्र म्हणता येते की ते दस्ते फिनॉलच्या रेझिनने, उष्णतेत आणि दाबाखाली जोडलेले होते. केसीनने जोडले असते तर बीचच्या त्याच पापुद्र्यांचे भवितव्य वेगळे झाले असते.

अखंड अक्रोड निवडणारा कारखाना वाळवण्याच्या वर्षांवर विश्वास ठेवतो, आणि ती वर्षे फसवली तर दस्ता पीळ घेतो. थर निवडणारा कारखाना दाबयंत्रावरच्या कामगारावर विश्वास ठेवतो. अक्रोडातला दोष रेषेत दिसतो, अनुभवी बोटाला जाणवतो. थरांमधला दोष आत झाकलेला असतो आणि तो उघडकीला येईपर्यंत वस्तू दुसऱ्याच्या हातात गेलेली असते. अखंड लाकूड बरे की थरांचे, यावर नेमबाजांमध्ये आजही वाद होतात, आणि अव्वल स्पर्धांमध्ये तर अनेकांनी अॅल्युमिनियमचे दस्ते पत्करले आहेत. त्या वादात सरसाचे नाव क्वचितच निघते.

बंगळुरूत या प्रश्नाचा पुढचा अध्याय शांततेच्या काळात लिहिला गेला. म्हैसूर संस्थानाने १९३८ मध्ये इथे वनसंशोधन प्रयोगशाळा काढली होती. तिच्यातूनच १९८८ मध्ये मल्लेश्वरम येथील लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. १९६२ मध्ये प्लायवूड उद्योगासाठी स्वतंत्र संशोधन संस्थाही याच शहरात, तुमकूर रस्त्यावर, सुरू झाली. येलहंका तिथून फार लांब नाही.

आज भारतात कोणत्याही प्लायवूडच्या दुकानात गेलात तर तक्त्यावर भारतीय मानकाचा शिक्का दिसेल, ३०३ किंवा सागरी वापरासाठी ७१०. त्याबरोबर तीन इंग्रजी अक्षरे असतात, बीडब्ल्यूआर किंवा बीडब्ल्यूपी. ती झाडाबद्दल काही सांगत नाहीत. ती सरसाची प्रतवारी आहे. पहिल्याचा अर्थ उकळत्या पाण्याला बऱ्याच अंशी टिकणारा, दुसऱ्याचा उकळत्या पाण्याला दाद न देणारा. वरची प्रत मिळवायची तर नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला जातो. मग परीक्षक त्याच्या दोन थरांमध्ये सुरी घालून ते उचकटतो आणि तुटलेल्या जागी पाहतो. तिथे लाकडाचे तंतू फाटून सरसाला चिकटून राहिलेले दिसले तर नमुना उत्तीर्ण, आणि सरसाची स्वच्छ, गुळगुळीत रेष उघडी पडली तर नापास.